बार्शी लाईट : अडीच फुटी रुळांची कंपनी

सप्तशृंगीच्या दर्शनाला निघालेला भाविक नाशिक रोडला गाडीतून उतरतो आणि एसटीने दिंडोरी, वणी करत गडाकडे जातो. वणीला रेल्वे कधी आलीच नाही. मोठा लोहमार्ग बाजूने निघून गेला आणि गाव राहून गेले, अशी गावे महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. अशा गावांसाठी स्वस्त, हलकी रेल्वे बांधण्याचा एक मोठा प्रयोग सोलापूर जिल्ह्यात झाला. तो केला बार्शी लाईट रेल्वे कंपनीने.

नाशिकशी नाते

या कंपनीमागचा माणूस एव्हरार्ड कॅल्थ्रॉप. हा इंग्रज इंजिनिअर १८८२ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेत, म्हणजे जीआयपीत, नोकरीला आला. मोठ्या मार्गाला फाटे जोडले तर आडबाजूच्या बाजारपेठांचा माल रेल्वेकडे येईल, हे त्याने हेरले. नाशिक रोड स्टेशन ते नाशिक गावापर्यंत १८८९ मध्ये घोड्यांची ट्राम सुरू झाली, तिचाही तो सल्लागार इंजिनिअर होता. ट्रामचे रूळ अडीच फुटी, म्हणजे एकमेकांपासून अडीच फुटांवर, होते. पुढे बार्शीलाही त्याने हेच माप घेतले.

बार्शीच का?

जीआयपीचा मुंबई–सोलापूर मार्ग कुर्डुवाडीवरून गेला आणि कापसाची मोठी पेठ असलेली बार्शी सुमारे २१ मैल बाजूला पडली. तिथला माल बैलगाड्यांनी स्टेशनवर यायचा. त्या स्टेशनाचे नावच तेव्हा ‘बार्शी रोड’ होते. १८९५ मध्ये लंडनला कंपनीची नोंदणी झाली आणि १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी गाडी धावू लागली.

पाच टनांचे गणित

हलके रूळ स्वस्त पडतात, पण त्यांवर जड गाडी चालत नाही. कॅल्थ्रॉपने यावर एक साधा नियम बांधला : इंजिन असो वा डबा, एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार नको. मालडब्याला चार आस, म्हणजे डबा आणि माल मिळून २० टन. दाबून घडवलेल्या पोलादाच्या सांगाड्यामुळे डब्याचे स्वतःचे वजन कमी राखता आले आणि १५ टनांपर्यंत माल भरता येऊ लागला. लीड्सच्या किटसन कारखान्यातून आलेल्या पहिल्या इंजिनांचा भारही सहा आसांवर वाटलेला होता. त्यामुळे गजामागे फक्त ३० पौंड वजनाचे रूळ पुरले आणि पूलही हलके बांधता आले. गाड्या भारतात पाठवण्याआधी लीड्सजवळ खास रूळ टाकून त्यांची चाचणी घेतली गेली. इंग्लंडमध्ये १९०४ साली सुरू झालेल्या लीक अँड मॅनिफोल्ड रेल्वेलाही कॅल्थ्रॉपने हेच अडीच फुटी माप दिले.

पंढरपूर, लातूर, मिरज

१९०६ मध्ये फाटा पंढरपूरला पोचला. कंपनीला कापसाच्या जोडीला वारकऱ्यांची गर्दी मिळाली. आषाढी-कार्तिकीला गाड्या तुडुंब भरू लागल्या. दुसऱ्या बाजूला १९११ मध्ये लातूर जोडले गेले आणि १९२७ मध्ये पंढरपूरहून मिरज. एकूण लांबी झाली २०२ मैल, म्हणजे सुमारे ३२५ किलोमीटर. आधी २१ मैलांचा फाटा असलेली ही रेल्वे आता लातूरपासून मिरजेपर्यंतच्या मुलखाची झाली. कूर्मगतीमुळे लोकांनी तिची थट्टाही भरपूर केली.

दुखणे कुर्डुवाडीचे

बार्शी लाईटचे रूळ अडीच फुटी आणि जीआयपीचे साडेपाच फुटी, म्हणजे ब्रॉडगेज. लातूरहून मुंबईला निघालेले प्रत्येक पोते कुर्डुवाडीला एका डब्यातून उतरवून हमालांनी दुसऱ्या डब्यात चढवायचे. त्यात वेळ जाई, मजुरी लागे, नासधूस होई. बैलगाडीशी तुलना होती तोवर हे खपले. गोदामातून उचललेला माल थेट पेठेत टाकणारा ट्रक रस्त्यावर आला, तेव्हा स्वस्तात बांधलेला हा मार्ग मालवाल्याला महाग वाटू लागला.

सरकारी मालकी आणि ब्रॉडगेज

१९५४ मध्ये सरकारने ही कंपनी ताब्यात घेतली. अडीच फुटी गाड्या मात्र पुढेही काही दशके धावत राहिल्या. २००० नंतर टप्प्याटप्प्याने सगळा मार्ग ब्रॉडगेज झाला. लातूरकडचा मार्ग तेव्हा धाराशिव शहरातून नेला गेला. जुना मार्ग ते शहर टाळून जात असे. आता लातूरहून मुंबईची गाडी थेट मिळते.

वणीकरांना यातून काय?

ऑगस्ट २०२० मध्ये देवळाली ते दानापूर शेतमाल नेणारी किसान रेल सुरू झाली, तेव्हाही दिंडोरी-वणीच्या शेतकऱ्याला माल आधी गाडीत भरून देवळालीला न्यावा लागणार होताच. म्हणजे एक चढ-उतार ठरलेलीच. नव्या मार्गाची किंवा फाट्याची मागणी होते तेव्हा चर्चा बहुधा खर्च किती आणि स्टेशन कुठे यांवर होते. बार्शी लाईटचा इतिहास पाहिला तर त्याआधी एक प्रश्न विचारायला हवा : शेतातून निघालेला माल पेठेत पोचेपर्यंत किती वेळा उतरवावा लागेल?