गोठविलेल्या शौचनमुन्यांतून प्रतिरोधी आंत्रजीवाणूंचा शोध

प्रतिजैविकांस न जुमानणारे जीवाणू केवळ रुग्णाच्या जखमेत वा रक्तातच आढळतात असे नव्हे. निरोगी माणसाच्या आतड्यातही ते निरुपद्रवी भासत वास करून असतात. विष्ठेवाटे ते पाण्यात उतरतात आणि संधी मिळताच मूत्रमार्गाच्या वा रक्ताच्या संसर्गास कारण होतात. सेफोटॅक्सिमचे विघटन करणारे ‘सीटीएक्स-एम-१५’ हे विकर प्रथम भारतातील जीवाणूंतच ओळखले गेले व २००१ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. यास्तव एखाद्या गावातील किती माणसे असे जीवाणू बाळगून आहेत, हे जाणणे अगत्याचे ठरते.

महाड व पोलादपूर या तालुक्यांचा विचार केल्यास यातील अडचण ध्यानात येते. सावित्रीच्या खोऱ्यातील एखाद्या डोंगरवाडीवर घेतलेला नमुना मुंबईच्या प्रयोगशाळेत त्याच दिवशी पोहोचेल याची शाश्वती नसते. जुलै २०२१ च्या महापुरात व दरडींच्या आपत्तीत तर येथील वाहतूकच खंडित झाली होती. अशा प्रदेशात नमुना गोठवून ठेवणे ओघानेच येते.

परंतु गोठविण्याची क्रिया निर्दोष नव्हे. बर्फाचे स्फटिक व क्षारांची वाढलेली संहती यांमुळे जीवाणूंच्या पेशीपटलास इजा पोहोचते. काही पेशी मरतात. काही जखमी होऊन उरतात. या जखमी पेशी साध्या माध्यमावर वाढू शकतात, परंतु पित्तक्षार व प्रतिजैविक असलेल्या माध्यमावर त्यांचा टिकाव लागत नाही. म्हणून नमुना ग्लिसरॉलमध्ये मिसळून, लहान भागांत विभागून, उणे ८० अंश सेल्सिअसच्या सुमारास ठेवावा व पुनःपुन्हा वितळवू नये. तपासणीपूर्वी त्यास काही तास साध्या पोषक रसात ठेवून मग सेफोटॅक्सिममिश्रित मॅक्काँकी आगारवर पेरावे. मिळालेल्या वसाहतींवर सेफोटॅक्सिमच्या चकत्या क्लॅव्ह्युलॅनिक आम्लासह व त्याविना ठेवाव्यात; आम्लयुक्त चकतीभोवतीचे वाढरहित वर्तुळ व्यासाने ५ मिलिमीटर वा अधिक मोठे भरल्यास असे विकर असल्याची पुष्टी होते.

जनुकाचा थेट शोध घेणारी पीसीआर पद्धती मृत पेशींतील जनुकही दाखविते. तो जीवाणू जिवंत होता किंवा कसे, हे मात्र ती सांगत नाही. तेव्हा दोन्ही पद्धती परस्परपूरक होत. शिवाय, शक्य तेथे काही नमुने ताजे असतानाच पेरून गोठविण्यामुळे होणारी घट मोजावी. ही घट न मोजता ‘वाडी प्रतिरोधमुक्त आहे’ असा निष्कर्ष काढल्यास, त्यावर विसंबून दिलेले औषध ऐन वेळी निरुपयोगी ठरण्याचा धोका संभवतो.