आज वर्ग तुम्ही घ्या

मोठेपणी योगशिक्षक व्हायचं, असं लहानपणी कुणी ठरवत नाही. डॉक्टर, इंजिनीअर, क्रिकेटपटू असं काहीबाही ठरवतात. समाजमंदिरात किंवा सोसायटीच्या गच्चीवर सकाळी सहाला वर्ग घेणाऱ्यांना विचारून पाहा. कुणाची कंबर धरली होती. कुणाला डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी लिहून देताना 'जोडीला जरा योगासनं करा' असं सुचवलं होतं. कुणी निवृत्तीनंतर घरच्यांच्या पायात पायात यायला नको म्हणून बाहेर पडलं होतं. काही वर्षं मागच्या रांगेत गेली. मग कधीतरी नेहमीचे सर गावाला गेले, किंवा बाईंच्या लेकीचं बाळंतपण निघालं, आणि जाता जाता निरोप आला, 'आठवडाभर वर्ग तुम्ही घ्या.' तो आठवडा मग संपतच नाही.

या वाटेला आडवाट म्हणायचं कारण नाही, कारण महाराष्ट्रातल्या सर्वांत नामांकित योगशिक्षकाची वाटही फार वेगळी नव्हती. बेळ्ळूर कृष्णमाचार सुंदरराज अय्यंगार यांचा जन्म १९१८चा, इन्फ्लुएंझाच्या साथीच्या दिवसांतला. लहानपण मलेरिया, विषमज्वर, क्षय यांत गेलं. १९३४ साली ते म्हैसूरला मेहुणे टी. कृष्णमाचार्य यांच्याकडे गेले. तिथल्या राजवाड्यात कृष्णमाचार्य योग शिकवत. प्रकृती सुधारेल, एवढीच अपेक्षा होती. पुढे गुरूंबरोबर धारवाडकडे दौरा झाला, तेव्हा तिथल्या स्त्रियांनाही शिकायचं होतं. शिष्यांमध्ये वयाने सर्वांत लहान म्हणून हा मुलगा त्यांना शिकवायला उभा केला गेला. तयारी किती झाली आहे हे कुणी पाहिलं नाही. वय पाहिलं.

१९३७ साली सिव्हिल सर्जन असलेल्या डॉ. गोखल्यांच्या आग्रहामुळे अय्यंगार पुण्याला डेक्कन जिमखान्यावर आले. बोलणं सहा महिन्यांचं होतं. वय अठरा, मॅट्रिक नापास, मराठीचा गंध नाही. समोर मात्र कॉलेजात जाणारी, तालमीत घुमलेली, त्यांच्याहून दणकट मुलं. त्यांनी प्रश्न विचारले की उत्तर द्यायला हवं, आणि गुरू तर शेकडो मैलांवर. तेव्हा दिवसभर शिकवायचं आणि उरलेल्या वेळात तासन् तास स्वतःवर आसनं करून उत्तर शोधायचं, असा क्रम लागला. पैशांची ओढाताण इतकी की जेवणाचे वांधे. सहा महिन्यांसाठी आलेले अय्यंगार २०१४ साली वारले तेही पुण्यातच.

ही गोष्ट बहुतेक ठिकाणी जिद्दीची म्हणून सांगितली जाते. मला तिच्यातलं दुसरं काही अधिक महत्त्वाचं वाटतं. आजारातून उठलेला माणूस आधी स्वतःच्या शरीराचा जाणकार होतो. शिक्षक व्हायला दुसऱ्याचं शरीर कळावं लागतं, आणि ते आपल्या अनुभवाने कळेलच असं नाही. अय्यंगार स्वतः अतिशय लवचिक झाले होते. १९६६ साली इंग्रजीत आलेल्या त्यांच्या प्रसिद्ध पुस्तकातली छायाचित्रं पाहून सामान्य माणसाला धडकीच भरावी. पण पुढे हेच अय्यंगार विटा, दोर, पट्टे, लाकडी ठोकळे, घडीच्या खुर्च्या घेऊन बसले, कारण समोरच्याचा हात पायापर्यंत पोचत नव्हता. १९७५ साली शिवाजीनगरच्या मॉडेल कॉलनीत पत्नीच्या नावाने उभ्या राहिलेल्या रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्थेत या साधनांनी भिंती भरलेल्या दिसतात. ज्याला जमत नाही त्याच्यासाठी आसनच थोडं पुढे सरकून येतं. त्यांच्या कन्या गीता यांना लहानपणी मूत्रपिंडाचा विकार झाला होता. त्याही त्यातून शिकत शिकतच शिक्षिका झाल्या आणि त्यांनी स्त्रियांच्या योगाभ्यासावर स्वतंत्र पुस्तक लिहिलं. पाळी, गरोदरपण, पाळी जाण्याचा काळ, या प्रत्येक वेळी काय करावं आणि काय टाळावं याचा विचार करायला वर्ग घेणारी बाईच लागली.

दुसरी वाट शाळा-कॉलेजातून आली. तिचा उगम मात्र गुजरातेतला. तिथे नर्मदाकाठी मालसर इथे परमहंस माधवदास हे योगगुरू राहत. त्यांचे दोन शिष्य महाराष्ट्राला मिळाले. मणिभाई देसाई म्हणजेच श्री योगेंद्र यांनी २५ डिसेंबर १९१८ रोजी वर्सोव्याला योग इन्स्टिट्यूट सुरू केली. पुढे ती सांताक्रूझला स्थिरावली आणि आजही सुरू आहे. योगेंद्रांनी संन्यास घेतला नाही. लग्न केलं, संसार केला. पत्नी सीतादेवी याही शिकवत आणि लिहीत. संसारी माणसाने संसारी माणसांना शिकवायचं, हा पायंडा आज इतका रुळला आहे की तो कधीतरी कुणीतरी पाडावा लागला, हे लक्षातही येत नाही.

दुसरे शिष्य जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद. आधी बडोद्याला माणिकरावांच्या आखाड्यात व्यायाम, मग अमळनेरला शिक्षणसंस्थेत काम, आणि १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम. उड्डियान आणि नौली करताना पोटात नेमकं काय होतं, हे त्यांनी क्ष-किरण लावून पाहिलं आणि 'योगमीमांसा' या नियतकालिकातून मांडलं. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीपासून तिथे योगाचं महाविद्यालय चालतं. योगशिक्षक हा शाळेतल्या शिक्षकासारखा तयार करता येतो, ही कल्पना लोणावळ्याच्या मातीत चांगली रुजली. तिथल्या डॉ. म. ल. घरोटे यांनी योगाच्या अध्यापन पद्धतींवर पुस्तकच लिहिलं. आज कोणत्याही योगशिक्षक अभ्यासक्रमात उमेदवाराला 'पाठ' घ्यावा लागतो. टाचण काढायचं, आसनाची ओळख करून द्यायची, प्रात्यक्षिक दाखवायचं, वर्गाकडून करून घ्यायचं, चुका दुरुस्त करायच्या. बी.एड. झालेल्या माणसाला हे घरचंच वाटेल.

तिसरी वाट मात्र महाराष्ट्राची खास, आणि तिच्याबद्दल फारसं लिहिलं जात नाही. नागपूरच्या रामनगरातलं जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळ, ठाण्याचं अंबिका योग कुटीर, या संस्थांचे वर्ग विनामूल्य चालतात आणि शिकवणारेही मानधन घेत नाहीत. साधक म्हणून आलेला माणूस काही काळाने मदतनीस होतो. सतरंज्या घालतो, हजेरी मांडतो, नवख्याच्या शेजारी उभं राहून त्याचा गुडघा सरळ करतो, आणि मग शिक्षक होतो. नोकरीवाले, गृहिणी, निवृत्त लोक असा हा फौजफाटा. नाशिकला डॉ. विश्वास मंडलिक यांनी १९७८ साली योग विद्या धाम सुरू केलं, तिथे या शिडीला पायऱ्या लावल्या गेल्या. प्राथमिक वर्गापासून अध्यापकापर्यंत एकेक परीक्षा. याच शहरातल्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने योगशिक्षक पदविका काढली आणि तालुक्याच्या गावातल्या, संसारात अडकलेल्या कितीतरी बायकांच्या हाती पहिल्यांदा स्वतःच्या नावाचं प्रमाणपत्र पडलं. २०१८ साली पंतप्रधानांच्या नावे दिला जाणारा योग पुरस्कार मंडलिकांना आणि सांताक्रूझच्या योग इन्स्टिट्यूटला मिळाला. त्याच्या आदल्या वर्षी तो पुण्याच्या अय्यंगारांच्या संस्थेला मिळाला होता.

आता प्रश्न असा की मागच्या रांगेतला माणूस पुढे येतो तेव्हा नेमकं काय बदलतं.

पहिली अडचण अगदी बाळबोध. वर्गाकडे तोंड करून 'उजवा पाय उचला' म्हणायचं, तर स्वतः डावा उचलावा लागतो, म्हणजे समोरच्यांना आरशासारखं दिसतं. पहिले काही दिवस निम्मा वर्ग डावा आणि निम्मा उजवा पाय हवेत धरून उभा असतो. दुसरी अडचण श्वासाची. शिकवताना सतत बोलावं लागतं, त्यामुळे स्वतःचा श्वास सूचनांत खर्च होतो. 'वर्ग घेतला म्हणजे माझा अभ्यास झाला' हा समज लवकर सुटला तर बरा. जुने शिक्षक पहाटे साडेचारला उठून स्वतःचं उरकून मग वर्गाला येतात, ते यासाठीच. तिसरी गोष्ट शब्दांची. शयनस्थिती, विपरीत शयनस्थिती, बैठकस्थिती, दंडस्थिती ही परिभाषा परीक्षेला ठीक. वर्गात 'टाच पुढे ढकला, बोटं नाकाकडे ओढा, खांदे कानापासून लांब' असं बोललं की शरीर ऐकतं. चांगला शिक्षक क्रियापदांत बोलतो.

पण खरी कसोटी पाहण्याची आहे. वीस जण झोपले आहेत, पाय वर उचलत आहेत. त्यात एकाला हर्निया आहे, एकीची गेल्या महिन्यात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे, एकाचा रक्तदाब चढलेला असतो आणि त्याने तो कुणाला सांगितलेला नाही. कपालभाती सुरू झाली की आवर्तनांची शर्यत लागते. उच्च रक्तदाब, हृदयविकार, हर्निया, गरोदरपण यांत कपालभाती करायची नसते. काचबिंदू असलेल्याने डोकं खाली, पाय वर अशा स्थितीत जायचं नसतं. हाडं ठिसूळ झालेल्या बाईला पश्चिमोत्तानासनात पाठ गोल करून जोर लावू द्यायचा नसतो. हे सगळं पाठ करता येतं. कठीण भाग पुढचा आहे. 'तुम्ही हे करू नका' म्हटलं की माणूस खट्टू होतो आणि चोरून करतो. त्याला त्याच वेळात, त्याच रांगेत, करण्याजोगं दुसरं काही द्यावं लागतं. वज्रासनात गुडघे ओरडतात त्याला घोट्यांखाली आणि मांड्या-पोटऱ्यांच्या मध्ये घडी घातलेली चादर, जमिनीवर बसता येत नाही त्याला खुर्ची. एवढं वेळेवर सुचणं म्हणजेच शिक्षक होणं.

इथेच आजारातून शिक्षक झालेल्यांची एक खोड आड येते. 'माझी पाठ भुजंगासनाने बरी झाली' हा अनुभव खरा असतो. पण 'मग तुमचीही होईल' हे वाक्य त्याच्या पाठोपाठ इतक्या सहज येतं की आपण पुरावा सोडून श्रद्धेच्या हद्दीत कधी शिरलो ते कळत नाही. मधुमेहाची गोळी बंद करा, थायरॉइडच्या गोळीची गरज नाही, असं सांगणारे वर्ग दुर्दैवाने आहेत. गोळी कमी करायची की नाही हे डॉक्टर ठरवतात, आणि जो शिक्षक हे स्वतःहून सांगतो त्याच्याकडे मी डोळे मिटून सतरंजी टाकीन. नव्या साधकाची पहिल्याच दिवशी दुखण्यांची चौकशी करतो का, एवढं पाहिलं तरी पुष्कळ कळतं.

कागदपत्रांचा काळ मात्र आला आहे. ११ डिसेंबर २०१४ रोजी संयुक्त राष्ट्रांत १७७ देशांच्या सहप्रायोजकत्वाने योग दिनाचा ठराव झाला आणि २१ जून २०१५ला पहिला योग दिन साजरा झाला. त्यानंतर कंपन्या, शाळा, पोलीस वसाहती, सगळ्यांनाच योगशिक्षक हवे झाले. आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणीकरण मंडळाने परीक्षा ठरवल्या. त्यात प्रोटोकॉल इन्स्ट्रक्टर, वेलनेस इन्स्ट्रक्टर, मग शिक्षक आणि मूल्यमापक, त्यावर योग मास्टर अशी चढण आहे, आणि लेखीबरोबर प्रात्यक्षिकही द्यावं लागतं. तिकडे अमेरिकेतल्या योग अलायन्सचं २०० तासांचं माप जगभर चालतं. आपल्याकडेही महिनाभराच्या निवासी शिबिरात ते २०० तास भरून घेणारी ठिकाणं झाली आहेत. महिन्याभरात आसनांची नावं, शरीररचना, पतंजलीची सूत्रं, हठप्रदीपिकेची ओळख होऊ शकते. गुडघे ओरडणाऱ्या आजोबांना काय द्यायचं हे त्या महिन्यात येत नाही. पण प्रमाणपत्राला नाक मुरडणंही सोपं आहे. ज्या मुलीला पोटासाठी हे काम करायचं आहे, तिला सोसायटीच्या सेक्रेटरीसमोर दाखवायला काहीतरी लागतंच.

आणि पोटाचा प्रश्न विनामूल्य परंपरेने कधी सोडवला नाही. ज्याला पेन्शन आहे किंवा नवऱ्याचा पगार आहे, त्यालाच फुकट शिकवणं परवडतं. या परंपरेने हजारोंना योग दारात आणून दिला, हे तिचं मोठंच श्रेय. पण योगशिक्षकाला पैसे द्यायचे असतात ही सवयही तिने आपल्याला लावली नाही. गुरुपौर्णिमेला शाल-श्रीफळ, वर्षातून एकदा पुष्पगुच्छ. भाड्याच्या खोलीत राहणारी, योगात एम.ए. केलेली तरुणी पहाटे एका इमारतीत, आठला दुसऱ्या टोकाला, दुपारी एखाद्या कंपनीत, संध्याकाळी शिकवणीसारखी कुणाच्या घरी अशी पळत असते. तिचा पेट्रोलचा खर्च कुणी धरत नाही, आणि 'योग तर सेवा आहे' हे ऐकवणारे तर मुळीच धरत नाहीत. पूर्वी आरोग्यवर्धिनी म्हटल्या जाणाऱ्या सरकारी केंद्रांत अर्धवेळ योगप्रशिक्षक आहेत, पण तिथेही हिशेब सत्रागणिक मानधनाचा. कोविडच्या टाळेबंदीत वर्ग फोनच्या पडद्यावर गेले तेव्हा एक चांगलं झालं. नाशिक-ठाण्याच्या वर्गाला न्यू जर्सी आणि मेलबर्नमधल्या मराठी मुली-सुना जोडल्या गेल्या, आणि त्यांना फी देण्याची सवय होती. मग इकडच्या आयांनीही कुरकुर न करता फी भरायला सुरुवात केली. अजूनही काही ठिकाणी दर महिन्याच्या पाच तारखेला व्हॉट्सॲपच्या गटावर 'ज्यांची बाकी आहे त्यांनी कृपया' असा संदेश पडतो, आणि तो टाकण्याचं काम शिक्षिकेने स्वतः न करता वर्गातल्याच एका बँकेतून निवृत्त झालेल्या काकांकडे सोपवलेलं असतं.