प्रवेशनियमांतील 'आंतरिक' या पदाचा अर्थ

मोठ्या उद्योगसंस्थेचे हिशेब, कोठारातील साठा, वेतनपत्रके आणि देयके ही आज बहुधा एकाच संगणकप्रणालीत सांभाळली जातात. जर्मनीत १९७२ साली स्थापन झालेल्या सॅप या कंपनीची प्रणाली हे याचे सर्वपरिचित उदाहरण होय. अशी प्रणाली एकाकी राहू शकत नाही. करांची आकारणी करणारा प्रोग्रॅम पुष्कळदा तिच्या बाहेरचा असतो, आणि त्याच्याशी व्यवहार करण्याचे काम 'गेटवे' नावाचे अंग करते. गेटवेने कोणाचे ऐकावे आणि कोणाचे नाकारावे, हे दोन लहानशा फायलींत लिहिलेले असते. या फायलींची भाषा मोजक्याच पदांची आहे. परंतु त्यांपैकी एका पदाचा अर्थ न उमगल्यास सर्व बंदोबस्त व्यर्थ ठरतो.

बाह्य प्रोग्रॅमांचे येथे दोन प्रकार संभवतात. काही प्रोग्रॅम मागणी येताच गेटवे स्वतः सुरू करतो. त्यांचे नियम 'सेकइन्फो' या फायलीत असतात. कोणी, कोणत्या यंत्रावरून, कोणता प्रोग्रॅम, कोठे चालवावा, हे त्यात सांगितलेले असते. दुसऱ्या प्रकारचे प्रोग्रॅम आपण होऊन गेटवेकडे नावाची नोंद करतात आणि हाकेची वाट पाहतात. त्यांचे नियम 'रेगइन्फो' फायलीत येतात. पहिला प्रकार अधिक धोक्याचा होय. कारण सुरू झालेल्या प्रोग्रॅमला प्रणालीच्या व्यवस्थापक-खात्याचेच अधिकार लाभतात, आणि ते ज्याच्या हाती गेले त्याला मागील सर्व विदागारही मोकळे होते.

नियमांच्या प्रत्येक ओळीच्या आरंभी अनुमतिदर्शक 'पी' किंवा निषेधदर्शक 'डी' हे अक्षर असते. गेटवे ओळी वरून खाली वाचतो आणि जी प्रथम लागू पडेल तीच प्रमाण मानतो. एकही लागू न पडल्यास प्रवेश नाकारला जातो. संस्कृत व्याकरणाच्या अभ्यासकाला येथे एक विरोध जाणवेल. पाणिनीय परंपरेत अपवाद हा उत्सर्गाला बाधतो, मग त्यांचा पाठक्रम कोणताही असो. येथे मात्र सामान्य नियमानंतर लिहिलेला अपवाद निरर्थक ठरतो. पहिल्याच ओळीत तारकाचिन्हाने सर्वांना अनुमती दिली, की खालचे सारे निषेध केवळ शोभेपुरते उरतात.

मुख्य अडचण मात्र 'इंटर्नल', म्हणजे 'आंतरिक', या पदाची आहे. नियमांची फाइलच नसेल, तर जुन्या आवृत्त्यांत सर्वांनाच मोकळीक असे. नव्या आवृत्त्यांत मूळ मांडणीनुसार फक्त 'स्थानिक' आणि 'आंतरिक' यंत्रांनाच वाव मिळतो. वरवर पाहता ही तरतूद पुरेशी वाटते. परंतु 'आंतरिक' हे विशेषनाम नव्हे. मराठीतील 'आपण' या सर्वनामात कोणकोण येतात हे जसे प्रसंग ठरवतो, तसेच या पदात कोणती यंत्रे येतात हे गेटवे ठरवीत नाही. 'मेसेज सर्व्हर' या दुसऱ्याच अंगाकडील सर्व्हरांच्या यादीवरून ते ठरते.

मग त्या यादीत नाव घालण्याचा अधिकार कोणाला? मेसेज सर्व्हरची स्वतंत्र प्रवेशसूची असते. ती लिहिलेलीच नसेल, किंवा तीत तारकाचिन्ह असेल, तर जाळ्यावरील कोणतेही यंत्र 'मी या प्रणालीतील सर्व्हर आहे' असे सांगून नोंद करू शकते. नोंद होताच ते 'आंतरिक' बनते, आणि गेटवे त्याची आज्ञा परवलीचा शब्द न विचारता पाळतो. एप्रिल २०१९ मध्ये दुबई येथील एका परिषदेत संशोधकांनी हीच साखळी उघड केली आणि तिची साधने सर्वांना उपलब्ध झाली. 'टेन-के-ब्लेझ' या नावाने ती ओळखली जाते. २ मे २०१९ रोजी अमेरिकेच्या शासकीय सायबरसुरक्षा संस्थेने तिच्याबद्दल इशारा दिला. लक्षणीय गोष्ट ही, की सॅपने या सूचींविषयीची मार्गदर्शक टिपणे २००५, २००९ आणि २०१० या वर्षांतच दिली होती. दोष प्रणालीच्या घडणीपेक्षा न लिहिलेल्या ओळींत अधिक होता.

उपाय याच क्रमाने येतात. प्रथम मेसेज सर्व्हरची सूची यंत्रांच्या नावांनिशी लिहावी आणि त्याचा अंतर्गत पोर्ट बाहेरच्या जाळ्याला बंद करावा. नंतर गेटवेचे नियम लिहावेत. चालू कामकाज अडेल या भीतीने पुष्कळ ठिकाणी तारकाचिन्ह तसेच राहू दिले जाते. त्यासाठी अनुकरण-पद्धतीची सोय आहे. तीत, कोणत्याच ओळीत न बसणारी जोडणी अडवली जात नाही, पण तिची नोंद ठेवता येते. काही आठवड्यांच्या नोंदींवरून खरी गरज कळते आणि मग नियम कडक करता येतात. नोंदणीचे नियम बदलल्यावर आधीच नोंदलेले प्रोग्रॅम जुन्याच नियमांनी चालतात, म्हणून त्यांची पुनर्नोंदणी करणे अवश्य आहे.

सारांश, प्रवेशनियमांचे बळ निषेधांच्या संख्येवर अवलंबून नसते. नियमातील प्रत्येक पदाचा अर्थ कोण ठरवतो, हे शेवटपर्यंत तपासल्याशिवाय दार बंद आहे असे म्हणता येणार नाही.