जुन्या ट्रकला डिस्क ब्रेक लावताना
आता 1966 चा शेवरोले सी-10 घेऊ, अमेरिकेतला अर्ध्या टनाचा पिकअप. चारही चाकांना ड्रम आणि मास्टर सिलिंडर एकाच सर्किटचा. म्हणजे कुठेही एक पाइप फुटला की पेडल थेट खाली, चारही ब्रेक गेले. उरतो तो हँडब्रेक! म्हणून आम्ही म्हणतो, नुसत्या डिस्क लावून भागत नाही.

1973 ते 1987 च्या सी-10 चा पुढचा क्रॉसमेंबर कंट्रोल आर्म, स्प्रिंग, डिस्क यांच्यासकट अख्खा उतरवून या जुन्या चेसीला बोल्टने बसवता येतो. काही भोकं नव्याने पाडावी लागतात. इथवर सोपं. खरी गोम पुढेच आहे. ड्रमच्या मास्टर सिलिंडरमधला एक व्हॉल्व्ह लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवतो. ड्रमला तो चालतो, कारण शूज मागे ओढायला आत स्प्रिंगा असतात. डिस्कला तशा नसतात, मग पॅड घासत राहतात, तापतात. तेव्हा दोन सर्किटचा, डिस्क-ड्रमसाठीचाच मास्टर सिलिंडर घ्यायचा. मागचा दाब आवरणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्हही हवाच. नाहीतर जोरात ब्रेक मारला की रिकाम्या ट्रकची मागची चाकं आधी लॉक होतात, आणि ट्रक फिरतो.

आणि हो, पुढे आता पाच बोल्टची चाकं, मागे जुनी सहाची. स्टेपनी कुठली ठेवणार?