संगमावरील खेडे आणि त्याचा तालुका : जुगादचे उदाहरण

नदीची सीमा नकाशावर जितकी स्पष्ट दिसते, तितकी ती काठच्या जीवनात नसते. या विधानाची प्रचीती पाहावयाची असल्यास यवतमाळ जिल्ह्याच्या आग्नेय टोकास, वणी तालुक्यातील जुगाद या लहानशा गावी जावे. अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावून आलेली पैनगंगा येथेच वर्धेस मिळते. गावात पुरातन शिवमंदिर आहे. वर्धेच्या पलीकडे वढा हे यात्रेचे क्षेत्र आहे. दोन्ही तीरांचे भाविक एकाच संगमास पवित्र मानतात.

राजकीय इतिहास मात्र या संगमाने तीन ठिकाणी विभागला होता. जुगाद वऱ्हाडात, वर्धेपलीकडील मुलूख मध्यप्रांताच्या चांदा जिल्ह्यात, आणि पैनगंगेचा दक्षिण तीर हैदराबाद संस्थानात. वऱ्हाड 1903 पासून मध्यप्रांताच्या कारभारास जोडले गेले. पूर्वीचा वणी जिल्हा 1905 मध्ये पुनर्रचित होऊन यवतमाळ जिल्हा झाला. राजुरा तालुका 1956 मध्ये आदिलाबादमधून नांदेड जिल्ह्यात व 1959 मध्ये चांदा जिल्ह्यात आला. अशा रीतीने तिन्ही तीर आज एकाच राज्यात असले, तरी यवतमाळ व चंद्रपूर या जिल्ह्यांमधील सीमा कायम आहे.

आता गावाभोवतीच्या घटकाचा विचार करू. महाराष्ट्रात 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या कार्य करू लागल्या. जुगादचा ग्रामकारभार वणी पंचायत समितीशी निगडित आहे. परंतु ज्या वणी शहराच्या बाजारावर हा परिसर अवलंबून आहे, ते नगरपरिषदेच्या, म्हणजे निराळ्या संस्थेच्या अधीन आहे. बल्गेरियातील व्यवस्था याहून भिन्न होय. तेथील 1991 च्या संविधानानुसार ‘ओबश्तिना’ हा स्थानिक स्वराज्याचा मूलभूत घटक असून शहर व सभोवतालची खेडी बहुधा एकाच परिषदेखाली येतात. डॅन्यूबकाठचे खेडेही आपल्या शहराशी त्याच परिषदेतून बोलते. आपल्याकडे हा संवाद दोन संस्थांमधून व्हावा लागतो.

हा भेद केवळ तांत्रिक नाही. वणी तालुक्याच्या पूर्व भागात गोंडवन खडकांच्या थरांत कोळसा आहे. मुंगोली, नीलजई, उकणी येथे वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खुल्या खाणी आहेत. कोळशाची जमीन संपादन करण्याचा 1957 चा कायदा केंद्राचा आहे. परिणामी नदीकाठची काळी जमीन राहणार की जाणार, या प्रश्नाचा निर्णय ग्रामसभेपासून फार दूर होतो. खाणबाधित भागांसाठी 2015 च्या दुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठान निर्माण झाले. पण त्याचाही व्याप जिल्ह्याचा आहे, नदीखोऱ्याचा नव्हे.

पुराचा प्रश्न तसाच. वर्धा भरून वाहू लागली की पैनगंगेचे पाणी पुढे सरकत नाही, मागे तुंबते आणि दोहोंच्या मधील भूभाग वेढला जातो. पाणी कोणत्या जिल्ह्याचे, हे पुराला ठाऊक नसते. मदतीची व्यवस्था मात्र जिल्ह्यानुसार होते.

तात्पर्य, जुगादसारख्या गावाचा अभ्यास तालुक्याच्या सीमेत पुरा होत नाही. दोन्ही काठांच्या नोंदी एकत्र मांडल्या, तरच संगमाचे खरे चित्र हाती येईल. अभ्यासकाने निदान एवढे तरी करावे; कारण गाव जे रोज भोगते, ते कोणत्याही एका दप्तरात पूर्णपणे सापडत नाही.