वंशावळीत नसलेली माणसं

इंजिनिअरिंगची ॲडमिशन घेताना आपल्यापैकी कितीतरी जणांनी कास्ट व्हॅलिडिटीसाठी वंशावळ लिहून दिलेली असेल. खापरपणजोबा, पणजोबा, आजोबा, वडील आणि सर्वांत खाली आपण! त्यासाठी घरच्यांनी आजोबांच्या शाळेतून जनरल रजिस्टरचा उतारा काढला, तहसील कचेरीच्या खेपा घातल्या. सर्टिफिकेट मिळालं आणि फाईल कपाटात गेली. एकदा सुट्टीत ती फाईल बाहेर काढा आणि शांतपणे वाचा. आपल्या घराण्याच्या इतिहासाचं पहिलं पान त्यात आधीच तयार आहे.

पण त्या पानावर कोण आहे आणि कोण नाही, हेही बघा. ही वंशावळ वडिलांच्या बाजूनेच वर जाते. त्यामुळे आजी नाही, पणजी तर नाहीच नाही. सातबारा घेतला, म्हणजे गाव नमुना ७ मध्ये जमिनीचा हक्क आणि १२ मध्ये पिकांची नोंद, तर तिथे ज्याच्या नावावर जमीन तोच माणूस दिसतो. फेरफार त्याहून बोलका. कोण कधी वारला, वारस कोण, जमीन कोणाला विकली हे त्यात कळतं. घरातल्या बायकांची नावं सापडलीच तर बहुधा इथेच, वारस म्हणून. पण ज्यांच्याकडे जमीनच नव्हती त्यांचा सातबारा कुठून येणार? आणि माणूस गाव सोडून का गेला, कोणत्या वाटेने गेला, यासाठी तर कुठल्याच नमुन्यात कॉलम नाही!

हा रिकामा कॉलम आपल्या गाजलेल्या मराठी पुस्तकांनी भरला आहे. 'श्यामची आई' घ्या. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. त्यातलं घर आहे दापोली तालुक्यातल्या पालगडचं, गुरुजींचं स्वतःचं. घराणं खोताचं, पण उतरती कळा लागलेलं. सरकारी दप्तरात अशा घराची खोती आणि कर्ज यांचीच नोंद राहते. १९१७ साली वारलेली त्या घरातली आई काय बोलायची, मुलाला कशी रागवायची, हे मात्र पुस्तकामुळे आजही आपल्याला माहीत आहे.

दुसरं पुस्तक अण्णा भाऊ साठे यांचं 'फकिरा', साल १९५९. अण्णा भाऊंचा जन्म १९२० साली सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावचा. ज्या समाजाला इंग्रज सरकारने गुन्हेगार ठरवून हजेरी लावली, त्याच समाजातल्या एका खऱ्याखुऱ्या माणसावर ही कादंबरी आहे. ज्यांची नावं पोलिसांच्या हजेरीपुस्तकात लिहिली गेली त्यांचा पराक्रम एका कादंबरीत टिकला. अण्णा भाऊ स्वतः लहानपणी वडिलांबरोबर वाटेगावहून पायी मुंबईला गेले होते. आजच्या हायवेने मोजलं तरी हे अंतर तीनशे किलोमीटरच्या वर भरतं.

तिसरी, विश्वास पाटील यांची 'झाडाझडती', १९९१ सालची. धरणात गाव गेलेल्या माणसांची ही कादंबरी सिव्हिलच्या मुलांनी तर वाचायलाच हवी. धरणाची उंची, साठा, सिंचन हे आपण शिकतो. पण बुडालेल्या घरांचं काय झालं हा प्रश्न पेपरात येत नाही.

आता प्रवास! खिशात पैसे नसले तरी हरकत नाही, सुरुवात रूमवरूनच करायची. पुस्तक वाचताना गाव, नदी, घाट, बाजाराचं ठिकाण असं जे येईल ते वहीच्या मागच्या पानावर उतरवून घ्या. मग गुगल अर्थ किंवा इस्रोचं भुवन उघडा. एकाच नावाची गावं महाराष्ट्रात ढिगाने आहेत, म्हणून गावाबरोबर तालुका आणि नदीही जुळली पाहिजे. श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' या कादंबरीतलं तुंबाड शोधायचं असेल तर खेड तालुका आणि जगबुडी नदी धरा. २०१८ च्या 'तुंबाड' सिनेमाने नाव तिथूनच घेतलं, गोष्ट मात्र वेगळी आहे. सिनेमातला वाडा बघायला कोकणात उतरलात तर हात हलवत परत याल. तो वाडा सासवडचा आहे!

गाव सापडलं की दोन ठिकाणांमध्ये रेघ ओढा आणि एलेव्हेशन प्रोफाईल बघा. वाटेगाव ते मुंबई अशी रेघ ओढली की मध्ये किती चढउतार आहेत ते दिसतं आणि 'पायी गेले' या दोन शब्दांचं वजन कळतं. मात्र एक पथ्य पाळा. आजचे रस्ते शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाला देऊ नका. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली १९९८ साली. श्यामच्या काळात दापोलीकडच्या माणसाला मुंबई गाठायची तर हर्णै बंदरातून आगबोट होती.

धरणात गेलेल्या गावांसाठी आणखी एक युक्ती आहे. टेक्सास विद्यापीठाच्या लायब्ररीने १९५० च्या दशकातले भारताचे १:२,५०,००० स्केलचे नकाशे स्कॅन करून मोफत ठेवले आहेत. एक सेंटिमीटर म्हणजे अडीच किलोमीटर. उजनी धरण पूर्ण झालं १९८० साली, म्हणजे हे नकाशे त्याच्या आधीचे. आज जिथे नुसतं पाणी दिसतं तिथे जुन्या नकाशात गावं आणि वाटा आहेत. उजनीचं पाणी खूप खाली गेलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं. गुगल अर्थमध्ये जुन्या सालांच्या प्रतिमा मागे नेऊन पाण्याची ही चढउतार बघता येते. ज्यांच्या घरात 'आपलं गाव पाण्याखाली आहे' असं म्हणतात त्यांनी हे नक्की करून बघावं.

पण स्क्रीनवर सगळं मिळत नाही. पालगडला गुरुजींचं घर स्मारक म्हणून जपलेलं आहे. तिथे उभं राहिलं की घर केवढं, अंगण केवढं याचा अंदाज येतो. स्वतःच्या गावी गेलात तर शाळा, देऊळ आणि पारावरची म्हातारी माणसं, एवढ्या तीन ठिकाणी तरी बसा. त्र्यंबकेश्वर, हरिद्वार अशा तीर्थक्षेत्री उपाध्यांच्या वह्यांत गाव आणि आडनावावरून यात्रेकरूंच्या पिढ्या नोंदलेल्या असतात. आपल्या घरातलं कोणी कधी गेलं असेल तर पणजोबांच्या हातची सहीसुद्धा निघू शकते. जुने कागद मोडीत असतील तर घाबरू नका. मोडी काही महिन्यांच्या सरावाने वाचता येते, सी प्लस प्लसपेक्षा अवघड नाही!

आणि सगळ्यात आधी आजीला फोन करा. "आजी, तुझं माहेर कुठलं? लग्न होऊन आलीस ती कशी आलीस, बैलगाडीने की एसटीने? वाटेत नदी लागायची का?" एवढंच विचारा आणि मोबाईलवर रेकॉर्ड करा. मग ती वाट नकाशावर काढून सुट्टीत तिला दाखवा. ती चुका काढेल, त्या लिहून घ्या. फेरफार दहा वर्षांनीही मिळेल, कादंबरी लायब्ररीत राहील. आजीची वाट मात्र फक्त आजीलाच ठाऊक आहे. म्हणून पीएल लागायच्या आत एवढा एक फोन करून टाका आणि वंशावळीच्या त्या कागदावर तिचं नाव, माहेरच्या गावासकट, आपल्या हाताने लिहा.