इंदूरची हवा आणि आपल्या पेठेतील मालवाहतूक

इंदूर नगराने स्वच्छतेचा पहिला मान २०१७ पासून २०२३ पर्यंत सलग सात वेळा मिळविला. सातव्या वेळी तो सुरतेबरोबर वाटून घेतला. या यशाची कीर्ती एवढी दूरवर गेली आहे की, बाहेरगावचा आडत्या पेढीवर आला म्हणजे भावाच्या आधी रस्त्यांची वाखाणणी करतो. परंतु त्या झाडलेल्या रस्त्यावरची हवा कशी आहे, हे विचारणारा विरळा. धूळ डोळ्यांस दिसते. मोटारीच्या धुरातील अडीच मायक्रॉनांहून बारीक कण दिसत नाही, आणि तोच श्वासावाटे फुप्फुसांच्या तळाशी जाऊन रक्तातही उतरू शकतो. आपल्या देशाच्या नियमाप्रमाणे अशा कणांचे वार्षिक सरासरी प्रमाण घनमीटरमागे ४० मायक्रोग्रॅमपर्यंत चालते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली ही मर्यादा ५ वर आणली. दोन मापांतील हे अंतर ज्यांचा जन्म तराजूपाशी गेला त्यांना समजावून सांगावयास नको.

केंद्र सरकारने २०१९ साली राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम हाती घेतला, तेव्हा ज्यांची हवा नियमात बसत नव्हती अशा नगरांत इंदूरची गणना झाली. भोपाळ, ग्वाल्हेर आणि उज्जैन हीही त्यात होती. पुढे पंधराव्या वित्त आयोगाकडून मोठ्या नगरांना यासाठी द्रव्यसाहाय्य मिळाले. तथापि वाहनांच्या धुरापुढे महापालिकेचे हात बरेच बांधलेले असतात. इंधनाची व इंजिनाची प्रत केंद्र सरकार ठरविते. १ एप्रिल २०२० पासून ‘भारत स्टेज सहा’ हा नियम आला व इंधनातील गंधकाचे प्रमाण दहा लाख भागांत ५० वरून १० वर उतरले, यात कोणत्याही नगराचे कर्तृत्व नव्हे. वाहनांची नोंदणी परिवहन खात्याकडे आणि चौकातील शिस्त पोलिसांकडे. उरले काय? रस्ता, बसगाडी आणि कचरा. या तीन वस्तूंतून इंदूरने काय घडविले हे पाहण्यासारखे आहे.

त्यांतही कचऱ्याची हकीकत व्यापाऱ्याने विशेष लक्ष देऊन वाचावी. देवगुराडिया येथे, जेथे पूर्वी कचऱ्याचे डोंगर साचत, तेथे १९ फेब्रुवारी २०२२ रोजी एका मोठ्या वायुनिर्मिती केंद्राचे उद्घाटन झाले. रोज ५५० टन ओला कचरा घेऊन त्यापासून सुमारे १७,००० किलो वायू व १०० टन खत काढण्याची त्याची क्षमता सांगितली गेली. सुमारे दीडशे कोटी रुपयांचे भांडवल खासगी कंपनीने घातले. महापालिकेने केवळ जागा आणि कचरा देऊन हात झटकले नाहीत. निघालेल्या वायूपैकी निदान अर्धा आपण विकत घेऊ असे वचन दिले आणि त्यावर अडीचशे नगर-बसगाड्या चालविण्याचे ठरविले. गिऱ्हाईक आधी पक्के, मग कारखाना! भांडवलदाराचा धीर कशाने वाढतो हे येथे कोणास तरी नीट उमगले होते. शिवाय ओला व सुका कचरा घरोघरी वेगळा ठेवण्याची शिस्त आधीच अंगवळणी पडली होती म्हणून हे साधले. मिसळलेल्या कचऱ्यावर असे केंद्र चालविणे फार कठीण. आपल्या गृहिणींनी भाजीची देठे निराळ्या डब्यात टाकली, आणि त्यांवर डिझेलच्या काळ्या धुराविना बस धावू लागली. उकिरड्याच्या मालाला एवढी पत येईल असे कोणत्या आडत्याने मानले असते?

बसगाड्यांच्या मार्गाची कथा मात्र तितकी सुखाची नाही. मे २०१३ मध्ये आग्रा-मुंबई रस्त्यावर निरंजनपूरपासून राजीव गांधी चौकापर्यंत सुमारे साडेअकरा किलोमीटरांचा, केवळ बससाठी राखलेला मार्ग सुरू झाला. उरलेल्या रस्त्यावर मोटारींची दाटी होते अशी तक्रार वर्षानुवर्षे चालू राहिली. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुख्यमंत्र्यांनी तो मार्ग काढण्याची घोषणा केली, फेब्रुवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने अनुमती दिली आणि कठडे उखडण्यास आरंभ झाला. दाटीची तक्रार खोटी होती असे आम्ही म्हणत नाही. परंतु एका बसमध्ये पन्नास माणसे जातात आणि तीच पन्नास माणसे दुचाकींवर बसली तर धुराची किती तोंडे वाढतात, हा हिशेब निर्णयाच्या वेळी पुरेसा मांडला गेला असे आम्हांस वाटत नाही. ३१ मे २०२५ रोजी मेट्रो आगगाडीचा सुमारे सहा किलोमीटरांचा पहिला टप्पा खुला झाला खरा. पण तो सुपर कॉरिडॉरवर, जुन्या पेठांपासून दूर.

तांबडा दिवा लागताच इंजिन बंद करा, असा प्रचार चौकाचौकांत झाला. २२ सप्टेंबर २०२३ रोजी महापौरांच्या आवाहनावरून मोटारीविना एक दिवस पाळला गेला. असे उपक्रम उत्साहाचे असतात, वाईट नसतात. रात्री यंत्राने रस्ते झाडणे व पाणी शिंपडणे यांचा उपयोग त्याहून अधिक. स्वच्छ वायू सर्वेक्षणात दहा लाखांवरील नगरांत इंदूर २०२३ साली पहिले आले, २०२४ साली तो मान सुरतेस गेला आणि २०२५ साली परत इंदूरकडे आला. मात्र हे सर्वेक्षण मुख्यतः केलेल्या उपायांना गुण देते. रोजकीर्द उत्तम लिहिली म्हणून ताळेबंदात नफा निघतोच असे नाही, हे आपल्या सभासदांस वेगळे सांगणे नलगे.

आता आपल्याकडे वळू. हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात श्रावकास वर्ज्य अशी जी पंधरा कर्मादाने सांगितली, त्यांत शकटकर्म आणि भाटककर्म, म्हणजे गाड्यांचा व भाडोत्री वाहतुकीचा धंदा, ही दोन आहेत. तेव्हा दृष्टीपुढे गाडीस जुंपलेला बैल होता आणि चाकाखाली सापडणारे जीव होते. हवा हीच ज्यांची काया असे वायुकाय जीव तर आपण बालपणीच शिकतो. वाहतुकीचा धंदा सोडा असे आम्ही कोणासही म्हणणार नाही. आमच्यापैकी कित्येकांची घरे त्यावर उभी आहेत. पण सियागंजच्या अरुंद गल्लीत माल उतरेपर्यंत जुनी लोडिंग रिक्षा धडधडत उभी राहते, तो धूर प्रथम गल्ल्यावर बसलेल्या आपल्याच मुलाच्या, मुनिमाच्या आणि पाठीवर पोते घेतलेल्या हमालाच्या छातीत जातो. हमालाला तर ओझ्यामुळे श्वासही खोल घ्यावा लागतो.

महापालिकेचा हुकूम येण्याची वाट न पाहता एवढे करता येईल: माल उतरविताना इंजिन बंद ठेवण्याची अट भाड्याच्या चिठ्ठीवरच छापावी, गर्दीच्या घटकांऐवजी पहाटे माल घ्यावा, आणि जुनी गाडी बदलून विजेची घेऊ पाहणाऱ्या लहान वाहतूकदारास, ज्याच्याजवळ तारण नाही त्यास, चार पेढ्यांनी मिळून वर्षभराच्या कामाची हमी लिहून द्यावी. वायुकेंद्रास महापालिकेने दिली तशीच. या तिसऱ्या सूचनेवर येत्या वार्षिक सभेत मोकळेपणी चर्चा व्हावी, अशी आमची कार्यकारी मंडळास विनंती आहे.